रेझ्युमे लिहायला लाटेक, मार्कडाउन की टाइप्स्ट? मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणीकडची शेवटच्या वर्षाची मुलंमुली हे प्रश्न विचारतात. वाळूज-शेंद्र्याच्या एमआयडीसीत काही वर्षं काढून आता पुण्याकडे बघणारी मंडळीही विचारतात. उत्तरांत माझी मतं आहेत, ती लपवलेली नाहीत. तुम्ही फक्त एमपीएससी किंवा सरळसेवेच्या तयारीत असाल तर हे वाचण्यात वेळ घालवू नका. तिथे ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, रेझ्युमे कुणी मागत नाही.

### मजकुरातून रेझ्युमे बनवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

नोटपॅडसारख्या साध्या एडिटरमध्ये मजकूर लिहायचा. कुठे शीर्षक आहे, कुठे यादी आहे, कुठला शब्द ठळक हवा, हे ठरावीक खुणांनी सांगायचं. मग एक प्रोग्रॅम ती फाइल वाचतो आणि मांडणी करून पीडीएफ काढून देतो. तुम्ही बघायचं काय लिहिलंय ते, आणि समास, अंतर, फॉन्ट त्या प्रोग्रॅमने सांभाळायचे. एवढंच. लाटेक, मार्कडाउन, टाइप्स्ट ही याच कामाची साधनं. ती वापरायला प्रोग्रॅमर असावं लागत नाही, पण एरर वाचायची थोडी सवय लावावी लागते.

### सर, वर्डमध्ये होतंय की सगळं. मग हा खटाटोप कशाला?

होतं. वर्षातून एकदा, एकाच ठिकाणी रेझ्युमे पाठवायचा असेल तर वर्डच ठेवा, उगाच नवं काही शिकू नका.

अडचण सुरू होते ती दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीच्या वेळी. वर्डमध्ये अनुभवाची एक ओळ वाढवली की उजवीकडच्या तारखा घसरतात. घरी नीट दिसणारी फाइल नेट कॅफेच्या जुन्या वर्डमध्ये उघडली की फॉन्ट बदलतो आणि एका पानाची दोन पानं होतात. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नवा’, ‘फायनल नवा खरा’ अशा फाइली साठतात आणि मोबाइल नंबर बदलला की नेमक्या कुठल्या फाइलमध्ये तो बदलला हे आठवत नाही. वाळूजमधल्या मेंटेनन्सच्या जागेसाठी एक रेझ्युमे आणि पुण्यातल्या ऑटोमेशन कंपनीसाठी दुसरा, असं करायचं झालं की हा गोंधळ दुप्पट होतो.

साध्या मजकुराच्या फाइलमध्ये मजकूर एका जागी राहतो आणि रूप दुसऱ्या जागी. रूप बदललं तरी मजकुराला हात लागत नाही. शिवाय ती फाइल आणखी पंधरा वर्षांनी कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडेल.

आणखी एक कारण आपल्याकडचं आहे. बऱ्याच जणांचा पहिला रेझ्युमे कॉलेजरोडवरच्या डीटीपीच्या दुकानात टाइप होतो. हातात येते ती प्रिंट, फार तर पीडीएफ. मूळ फाइल दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर राहते. त्यामुळे पुढच्या वेळी एक ओळ बदलायलाही पुन्हा त्याच्याकडे जायचं आणि पुन्हा पैसे मोजायचे.

### कोणकोणती साधनं आहेत?

सगळ्यात मुरलेलं लाटेक. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ च्या सुमारास टेक बनवलं, पुढे १९८० च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभं केलं. गणित आणि शोधनिबंध छापणाऱ्यांचं हे घर. रेझ्युमेसाठी ‘मॉडर्नसीव्ही’, ‘ऑसम सीव्ही’ अशी तयार टेम्प्लेट्स ढिगाने मिळतात आणि ओव्हरलीफ या वेबसाइटवर ब्राउझरमध्येच काम होतं. पानावरची अक्षरं सुंदर बसतात, यात वाद नाही. मात्र लॅपटॉपवर टेक लाइव्ह, म्हणजे लाटेकचा पूर्ण संच, घ्यायचं तर काही जीबी जागा लागते, आणि एरर वाचून पहिल्यांदा घाम फुटतो.

मार्कडाउन २००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी आणलं. यात शीर्षकाला हॅश, ठळक शब्दाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन तारे, यादीला डॅश. अर्ध्या तासात येतं. पण मार्कडाउन ही नुसती लिहायची पद्धत आहे. त्यातून पीडीएफ किंवा वर्ड फाइल काढायला पॅनडॉक लागतं, जे जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सुरू केलं. पॅनडॉकही पीडीएफ स्वतः रचत नाही. त्यासाठी ते मागे लाटेक, टाइप्स्ट किंवा एचटीएमएलवालं एखादं इंजिन वापरतं. नव्या माणसाची इथे हमखास फसगत होते. पॅनडॉक टाकलं, कमांड दिली, आणि ‘पीडीएफ-लाटेक सापडत नाही’ असा निरोप आला. चूक तुमची नसते, इंजिन टाकायचं राहिलेलं असतं.

टाइप्स्ट सगळ्यांत तरुण. बर्लिनमध्ये घडलं, २०२३ मध्ये खुलं झालं. लाटेकइतकं नेटकं पान आणि मार्कडाउनच्या जवळ जाणाऱ्या सोप्या खुणा, असा त्याचा बेत आहे. इन्स्टॉल करायचा एकच छोटा प्रोग्रॅम, एरर माणसाला समजेल अशा भाषेत, आणि टाइप करता करता पान समोर बदलताना दिसतं. ब्राउझरमध्येही चालतं.

यॅमल आणि जेसन या माहिती ठरावीक साच्यात लिहायच्या पद्धती, त्यांच्यावर चालणारी साधनंही आहेत. जेसन रेझ्युमे २०१४ पासून आहे, रेंडरसीव्ही त्यानंतरचं. यात तुम्ही फक्त माहिती भरता (संस्था, पद, कधीपासून कधीपर्यंत) आणि मांडणी ते ठरवतात. शिस्तीच्या माणसाला आवडेल. पण यॅमलमध्ये ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस कमी-जास्त झाली किंवा पदाच्या नावात कोलन आला की फाइल रुसते, आणि जेसनमध्ये शेवटच्या नोंदीनंतर चुकून राहिलेला स्वल्पविरामही चालत नाही.

एचटीएमएल आणि सीएसएस. वेबचं काम येत असेल तर हे सगळ्यांत जवळचं. ब्राउझरमधून प्रिंट देऊन पीडीएफ काढायची. फक्त प्रिंटच्या खिडकीतले हेडर-फूटर बंद करा, नाहीतर पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि फाइलचा पत्ता छापून येतो.

ग्रॉफ, ऑर्ग-मोड, ॲस्किडॉक यांनीही रेझ्युमे बनतो. ज्यांना ही नावं आधीच माहीत आहेत त्यांनी खुशाल वापरावीत, बाकीच्यांनी सोडून द्या.

### मग मी कोणतं घेऊ?

इंजिनिअरिंग, एमसीए, बीसीएचे विद्यार्थी असाल आणि आजवर यातलं काहीच केलेलं नसेल, तर टाइप्स्ट. दोन वर्षांपूर्वी मी ओव्हरलीफ सांगितलं असतं. आता नाही.

शोधनिबंध लाटेकमध्ये लिहीत असाल, एमटेक किंवा पीएचडी चालू असेल, तर लाटेकच. हातात आहे ते सोडून दुसरीकडे जायचं काही कारण नाही.

कॉमर्स, मॅनेजमेंट, एचआर, फार्मसी, कृषी या बाजूचे असाल आणि रेझ्युमे बहुतेक वेळा कन्सल्टन्सीमार्फतच जाणार असेल, तर मार्कडाउन आणि पॅनडॉक. का ते वर्ड फाइलच्या प्रश्नात येतंय. परभणीच्या कृषी विद्यापीठातून निघून जालन्याच्या बियाणे कंपन्यांत जाणाऱ्यांना याचा आणखी एक फायदा आहे. पिकांची आणि किडींची शास्त्रीय नावं तिरप्या अक्षरांत लागतात, आणि मार्कडाउनमध्ये दोन बाजूंना एकेक तारा दिला की काम झालं.

डिझायनर असाल तर यातलं काहीच नको. तुमचा रेझ्युमे हाच तुमच्या कामाचा नमुना असतो. तो तुमच्या हत्यारांनीच करा.

### लाटेक खरंच इतकं अवघड आहे का?

तयार टेम्प्लेटमध्ये आपली माहिती भरणं अवघड नाही. टेम्प्लेटच्या आत हात घालणं अवघड आहे. चारच चिन्हं लक्षात ठेवलीत तर निम्मे त्रास टळतील.

टक्क्याचं चिन्ह लाटेकमध्ये टिप्पणीसाठी राखीव आहे. त्याच्यानंतर त्या ओळीत जे असेल ते छापलंच जात नाही. बारावीला ८४.६% लिहून पुढे कॉलेजचं नाव लिहिलंत, तर पीडीएफमध्ये ८४.६ एवढंच दिसेल. चिन्ह गायब, कॉलेज गायब, आणि अनेकदा एररही येत नाही. म्हणून ही चूक छापून पाठवल्यावर कळते. चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची. तसंच & या चिन्हाचं, ते ‘आर अँड डी’ लिहिताना येतं. तसंच # चं, ते ‘सी-शार्प’मध्ये येतं. तसंच ईमेलमधल्या अंडरस्कोअरचं. ही तिन्ही निदान एरर तरी देतात.

आपल्याकडे गुण टक्क्यांत सांगायची पद्धत असल्यामुळे पहिली चूक आपल्याच मुलांना जास्त भोवते.

टाइप्स्टमध्ये टक्क्याचा हा त्रास नाही, पण # तिथेही राखीव आहे, आणि @ हे चिन्ह संदर्भासाठी राखीव आहे. ईमेल पत्ता तसाच लिहिला तर प्रोग्रॅम म्हणतो की अशी खूण सापडली नाही. तिथेही आधी उलटी रेघ. मार्कडाउनची खोड वेगळी. ओळीची सुरुवात २०२३ आणि टिंब अशी झाली, तेही इंग्रजी आकड्यांत, तर त्याला वाटतं की ही क्रमांकांची यादी आहे. आणि एकाखाली एक लिहिलेल्या दोन ओळी तो एका परिच्छेदात जोडून टाकतो. पत्ता आणि फोन वेगळ्या ओळींवर हवे असतील तर ओळीच्या शेवटी दोन स्पेस किंवा उलटी रेघ द्या.

### कंपन्यांचं सॉफ्टवेअर ही पीडीएफ वाचतं का? एटीएस, एटीएस म्हणतात ते काय?

नोकरीच्या पोर्टलवर किंवा मोठ्या कंपनीच्या करिअर पानावर रेझ्युमे चढवला की एक प्रोग्रॅम त्यातला मजकूर उपसून काढतो आणि नाव, फोन, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत टाकायचा प्रयत्न करतो. त्या यंत्रणेला एटीएस म्हणतात. तुमचं डिझाइन ती बघत नाही. तिला दिसतो तो मजकूर, आणि तोही कुठल्या क्रमाने दिसेल याची खात्री नसते. कारण पीडीएफमध्ये ‘हा परिच्छेद, हा मथळा’ असं नोंदलेलं असेलच असं नाही. अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी, एवढं असलं तरी पीडीएफ पूर्ण होते.

यातून ठरावीक घोळ होतात. दोन रकान्यांचं टेम्प्लेट घेतलं की काही प्रोग्रॅम पान सरळ आडवं वाचत जातात आणि डावीकडची कौशल्यं उजवीकडच्या अनुभवात मिसळतात. फोनचं, पाकिटाचं छोटं चित्र हे प्रत्यक्षात एका खास फॉन्टमधलं अक्षर असतं, तिथे काहीतरी चौकोन किंवा भलतंच चिन्ह निघतं. इंग्रजी ‘प्रोफाइल’ आणि ‘सर्टिफाइड’ या शब्दांतली एफ आणि आय ही अक्षरं लाटेक जोडून एकच अक्षर म्हणून छापतं. जुन्या पद्धतीच्या लाटेकमध्ये ग्लिफ-टु-युनिकोडची (छापलेल्या आकारामागचं मूळ अक्षर नोंदवायची) सोय चालू नसेल तर हा जोड उपसताना गळून पडू शकतो, आणि सर्टिफिकेट शोधणाऱ्याला तुमचं सर्टिफिकेट सापडत नाही. झी-लाटेक, लुआ-लाटेक या लाटेकच्या नव्या इंजिनांत आणि टाइप्स्टमध्ये हा त्रास सहसा येत नाही.

शिक्षणाचा तक्ता ही आपली लाडकी गोष्ट: दहावी, बारावी, पदवी, बोर्ड, साल, टक्के, सगळं चौकटीत. माणसाला वाचायला तो छान, पण प्रोग्रॅमला कुठला टक्का कुठल्या परीक्षेचा हे कळेलच असं नाही. मी तक्ता काढून एकेक ओळ करायला सांगतो.

नावाचा क्रमही तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तसंच रेझ्युमेवर लिहिलं की पोर्टल आडनावालाच पहिलं नाव समजतं आणि मुलाखतीचा ईमेल ‘प्रिय जाधव’ म्हणून सुरू होतो. रेझ्युमेवर नाव आधी, आडनाव शेवटी.

तपासायचं कसं? पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा आणि वरपासून खालपर्यंत वाचा. जे तिथे वाचता येत नाही ते प्रोग्रॅमलाही येणार नाही. कमांड लाइनची सवय असेल तर पॉप्लर या साधनसंचातला पीडीएफ-टु-टेक्स्ट हा प्रोग्रॅम हेच काम करतो. साधन कोणतंही असो, ही चाचणी चुकवू नका. ‘एटीएस स्कोअर ९२’ असं सांगणाऱ्या वेबसाइटना पैसे देऊ नका. तो आकडा त्या साइटचा स्वतःचा असतो, तुम्ही अर्ज करताय त्या कंपनीचा नव्हे. आणि पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. उपसलेल्या मजकुरात ते सगळे शब्द एचआरच्या स्क्रीनवर काळेकुट्ट दिसतात.

### कन्सल्टन्सीवाले म्हणतात, पीडीएफ नको, वर्ड फाइल पाठवा. आता?

हा प्रश्न निवड करण्याआधी विचारायला हवा, आणि बहुतेक जण तो नंतर विचारतात.

पुण्यातल्या कन्सल्टन्सी वर्ड फाइल मागतात, कारण तुमचा फोन नंबर काढून, स्वतःचं नाव वर टाकून त्यांना रेझ्युमे कंपनीकडे पाठवायचा असतो. इथे मार्कडाउन आणि पॅनडॉकची जोडी बाजी मारते. एकाच फाइलमधून पीडीएफही निघते आणि वर्डही. वर्डचं रूप नीट हवं असेल तर एक नमुना वर्ड फाइल तयार करून ठेवायची. तिच्यात मथळ्याचा फॉन्ट, समास, अंतर ठरवायचं आणि पॅनडॉकला सांगायचं की या नमुन्याप्रमाणे कर. एकदा बसवलं की कायमचं.

लाटेकमधून वर्ड काढणं त्रासाचं. साधा लेख असेल तर पॅनडॉक बऱ्यापैकी काढतं, पण रेझ्युमेच्या टेम्प्लेट्समध्ये प्रत्येकाने स्वतःच्या कमांड बनवलेल्या असतात. पॅनडॉकला त्या समजल्या नाहीत की अख्खा अनुभव गळूही शकतो. अशा वेळी पीडीएफमधला मजकूर कॉपी करून साध्या वर्डमध्ये लावणं लवकर होतं. टाइप्स्टचंही आज थोडंफार तसंच आहे.

कन्सल्टन्सीला दिलेली वर्ड फाइल पुढे कशी बदलली जाते यावर आपला ताबा नाही. म्हणून मुलाखतीला जाताना स्वतःच्या पीडीएफची प्रिंट सोबत ठेवा. समोरच्याच्या हातातला कागद आणि तुमचा कागद वेगळा निघाल्याचे किस्से कमी नाहीत.

### लॅपटॉप नाही. मोबाइलवर जमेल का?

लिहायचं काम जमेल, मांडणीचं नाही. मोबाइलवर मार्कडाउन सगळ्यांत सोपं, कारण ती नुसती नोट आहे. एसटीत बसल्या बसल्या नोट्सच्या ॲपमध्ये लिहा, स्वतःलाच ईमेल करा, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये पीडीएफ काढा. लॅबच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते. तिथे ओव्हरलीफ किंवा टाइप्स्टचं वेब ॲप उपयोगी पडतं. फुकट खात्यात एका रेझ्युमेचं काम आरामात भागतं. ओव्हरलीफच्या फुकट खात्यात कंपाइल करायला, म्हणजे फाइलची पीडीएफ बनवायला, वेळमर्यादा आहे, पण रेझ्युमे म्हणजे एक-दोन पानं. मर्यादा लागलीच तर समजा टेम्प्लेट नको तेवढं भारी आहे.

नेट कॅफेत काम केलंत तर लॉगआउट करा आणि डाउनलोडमधली पीडीएफ पुसून टाका. तुमचा पत्ता आणि नंबर पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवू नका.

### औरंगाबाद लिहू की छत्रपती संभाजीनगर? आणि विद्यापीठाचं नाव?

२०२३ मध्ये शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. गुणपत्रिकांवर जुनं नाव, आधारवर कुठे जुनं कुठे नवं, आणि काही पोर्टलच्या यादीत अजून जुनंच. माझा सल्ला: पत्त्यात आजचं नाव लिहा. संस्थेच्या किंवा प्रमाणपत्राच्या नावात शहराचं नाव असेल तर ते कागदावर आहे तसंच ठेवा, कारण पडताळणी करणारा माणूस कागदाशी ताडून बघतो. पोर्टलच्या यादीत जे मिळेल ते निवडा.

विद्यापीठाचा घोळ याहून मोठा. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झालं, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. त्यामुळे लातूर-नांदेडकडच्या जुन्या पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर एक विद्यापीठ आणि त्याच कॉलेजच्या नव्या मुलांच्या प्रमाणपत्रावर दुसरं. ज्याच्या कागदावर जे असेल तेच लिहावं. मोठ्या भावाचा रेझ्युमे उचलून नाव बदलणाऱ्यांनी हे विशेष बघावं.

आणि इंजिनिअरिंगची बरीच कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत. एकाला आपण बामू म्हणतो, दुसऱ्याला बाटू. मुंबई-बंगळुरूच्या एचआरला यातला फरक कळणार नाही. एकदा तरी पूर्ण नाव आणि गाव लिहा, नुसतं संक्षिप्त रूप नको.

पूर्ण नाव लिहिलं की टेम्प्लेट मोडतं, हे खरं. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेचं नाव इंग्रजीत लिहून त्याच ओळीत उजवीकडे तारीख बसवून बघा. बसत नाही. परदेशी टेम्प्लेट्स छोटी नावं धरून बनवलेली असतात. अक्षर बारीक करू नका. पदवी आणि साल एका ओळीत घ्या, संस्थेचं नाव खालच्या ओळीत पूर्ण जाऊ द्या. साधन निवडताना हीच परीक्षा घ्या: तुमच्या संस्थेचं सगळ्यांत लांब नाव टेम्प्लेटमध्ये टाकून बघा. ज्यात ओळ सहज वळते ते चांगलं.

### रेझ्युमे मराठीत लागला तर?

मराठी वर्तमानपत्रं, स्वयंसेवी संस्था, मराठी शाळा यांना तो लागतो. पहिली अट युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसतो मराठी, पण आतून ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर नुसता खिचडीचा ढीग दिसतो.

लाटेक वापरत असाल तर झी-लाटेक किंवा लुआ-लाटेक घ्या, जुनं पीडीएफ-लाटेक देवनागरीला कामाचं नाही. पॅनडॉक मुळात पीडीएफ-लाटेककडेच जातं, म्हणून त्याला इंजिन आणि फॉन्ट दोन्ही स्पष्ट सांगा. टाइप्स्ट आणि ब्राउझर जोडाक्षरं नीट जोडतात. फॉन्ट म्हणून नोटो सॅन्स देवनागरी, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी यांतला एखादा. आणि भाषा मराठी आहे हे साधनाला सांगा, कारण ल आणि श यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तो भाषा बघून वळण निवडतो.

पीडीएफमधून मराठी कॉपी केली की कधी ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, कधी जोडाक्षर फुटतं. हे आजही पूर्ण सुटलेलं नाही. पण मराठी रेझ्युमे बहुतेक वेळा माणूसच वाचतो, म्हणून फार जीव टांगू नका. नाव, फोन आणि ईमेल मात्र इंग्रजीतही द्या.

### पान कुठल्या मापाचं?

ए-४. २१० बाय २९७ मिलिमीटर. परदेशी टेम्प्लेट्स बऱ्याचदा अमेरिकन लेटर मापाची असतात. ती रुंदीला थोडी जास्त आणि उंचीला कमी. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली की कडा कापल्या जातात किंवा सगळं आक्रसून छापतं. टेम्प्लेट घेतल्यावर पहिली दुरुस्ती ही.

### फोटो, जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती?

काहीच नको. लग्नाच्या बायोडाट्याची सवय इथे आणू नका. आधार नंबर तर कुठेच नको. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं लिहून सही करायची पद्धतही खासगी कंपन्यांना नको असते. त्या जागेत एखादं काम लिहा.

### गिटवर ठेवू का?

ठेवा. गिट म्हणजे फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. कुठला बदल कधी केला ते दिसतं, आणि कुठल्या कंपनीला कुठली आवृत्ती गेली तेही खुणेने ठेवता येतं. पण गिटहब या वेबसाइटवरची रिपॉझिटरी (तुमच्या फाइलींचा फोल्डर) खासगी ठेवा. सार्वजनिक असेल तर फोन नंबर आणि घरचा पत्ता फाइलमध्ये नको. नंतर पुसून उपयोग नाही, जुन्या नोंदींत तो राहतोच. नोकरीत असाल तर पगाराचे आकडे आणि कंपनीच्या मशीनची आतली माहितीही त्यात टाकू नका.

### प्राध्यापकीसाठी पाच-सात पानांचा सीव्ही लागतो. त्याला काय?

लाटेक, आणि शोधनिबंधांची यादी हाताने टाइप न करता बिबटेकच्या, म्हणजे लाटेकसाठी संदर्भ नोंदवायच्या, फाइलमध्ये. एकदा नोंदी केल्या की त्यातून सीव्हीची यादीही निघते आणि पुढच्या निबंधाचे संदर्भही. वर्षानुसार, प्रकारानुसार क्रम बदलायला एक ओळ पुरते. दर वर्षी बढतीच्या फॉर्मसाठी हीच यादी वेगळ्या क्रमाने मागतात, तेव्हा याची किंमत कळते. लाटेक नकोच असेल तर पॅनडॉकही त्याच फाइलवरून यादी करून देतं.

### एआयला सांगितलं तर तो कोड लिहून देतो. मग शिकायचं कशाला?

कोड घ्या, हरकत नाही. टेम्प्लेटमधली एरर सोडवायला तर तो चांगलाच उपयोगी. मजकूर मात्र घेऊ नका. न केलेल्या कामाचे टक्के तो सहज घालतो: ‘उत्पादन ३० टक्क्यांनी वाढवलं’. आणि मुलाखतीत समोरचा नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवतो. ‘शेंद्र्याच्या प्लांटमध्ये सहा महिने अप्रेंटिस, प्रेस शॉपमध्ये डाय बदलायचं काम’ ही ओळ साधी आहे, पण तिच्यावर तुम्ही दहा मिनिटं बोलू शकता.

### आणि फाइलचं नाव?

इंग्रजीत, स्वतःचं नाव, आडनाव आणि पद. मधे स्पेसऐवजी डॅश. ‘रेझ्युमे’ एवढंच नाव असलेल्या शंभर फाइली एचआरच्या फोल्डरमध्ये आधीच असतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट काढून नाही.